खालची कड

शनिवारी सकाळी तू दवाखान्याचं शटर वर केलंस आणि पायरीवर बसलीस. समोरच्या चहावाल्याने तुझ्या भावाला, दिलीपला फोन केला. दिलीप आला, गाडी आली. पुलगावहून वर्ध्याला पोचेपर्यंत तू गेली होतीस. मी तेव्हा डेंटल कॉलेजच्या वर्गात शिकवत होते.

कुंदा, मी हे सावकाश लिहिते आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मास्तरीण, तुह्यं वाक्य संपेपर्यंत माह्या पेशंटचा दात पडून जाईन." मला घाई कधी जमली नाही. भेटायला येणारी माणसं मला तुझं शिक्षण, तुझा दवाखाना, तुझं वय विचारतात. ते सांगून होतं. मी मात्र घरी आल्यावर त्या दोन बरण्यांबद्दल बोलायला कोणी शोधते आणि कोणी सापडत नाही. त्यांचं पुढे काय झालं हे जाणून घ्यायची उत्सुकता जगात एकाच माणसाला असती, म्हणून तुलाच सांगते.

आपण दोघी अर्धं आयुष्य दाताला लावायच्या गोंदावरून भांडलो. दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर ते हसतील. दातात भरायचं पांढरं कंपोझिट आपल्या आपण दाताला धरत नाही. निळ्या उजेडाखाली ते कडक होतं, आणि कडक होताना किंचित आक्रसतं. त्या वेळी ते भिंतीपासून सुटू नये म्हणून आधी बाँडचा पातळ थर द्यावा लागतो. तो थर कुठे कमी पडला की तिथून पाणी शिरतं, आणि पाण्यामागून कीड. तू कॉलेजात शिकलेली पद्धत शेवटपर्यंत सोडली नाहीस: आधी ॲसिडची जेल, मग धुणं, मग जरासं सुकवणं, मग बाँड. मी एका बाटलीच्या बाजूची. त्यातच ॲसिड, त्यातच गोंद, धुणं नाही. धुतल्यावर दाताचा आतला भाग किती ओला ठेवायचा हे ज्याच्या त्याच्या हातावर राहतं, आणि हात चुकतात, असं माझं म्हणणं.

"माहा हात नाई चुकत," तू म्हणायचीस.

"आणि तू थकलेली असलीस तर?"

"थकली असली तं घरी जातो. दात नाई भरत."

ओल किती ठेवायची हे तू मला एकदा सांगितलं होतंस. शाळेतली पाटी ओल्या फडक्याने पुसल्यावर काळी दिसते आणि मग हळूहळू फिकी होत जाते. ती फिकी व्हायला लागायच्या आधीचा क्षण. मी ते अजून वर्गात सांगते. आताच्या मुलांनी पाटी पाहिलेली नसते, त्यामुळे पाटीपासून सांगावं लागतं.

रोहण्याचे गुणवंतभाऊ तुला आठवत असतील. हिरडीजवळ दात झिजून खाचा पडलेल्या, गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. तू त्यांचे दात भरले होतेस आणि काही वर्षांनी ते पुन्हा आले त्या रविवारी नेमकी मी तुझ्याकडे होते. तू आरसा माझ्या हातात दिलास. "पाह्य. वरून कशी हाय अन् खालून कशी." वरची कड, जिथे कंपोझिट इनॅमलच्या कडक कवचाला भिडतं, ती स्वच्छ होती. खालची, हिरडीकडची, जिथे इनॅमल संपून मूळ सुरू होतं, तिथे तपकिरी रेघ. खर्रा आत उतरला होता. प्रयोगशाळेत गळती शोधायला आम्ही जो निळा रंग वापरतो, त्याचं काम त्यांचा खर्रा फुकट करत होता.

"डॉक्टरीणबाई," गुणवंतभाऊ तोंड उघडं ठेवूनच म्हणाले, "सिमेंट तुमचं, खर्रा माहा. दोघायचं मिळून डिझाइन आलं."

"खर्रा सोडा अन् मंग डिझाइन पाहा," तू म्हणालीस.

मी म्हणाले, माझ्या बाटलीने भरलं असतं तर खाली एवढं गळलं नसतं. मागच्याच महिन्यात मी एक असाच दात भरला आहे, चहा पिणाऱ्या माणसाचा, त्याची खालची कड अजून स्वच्छ आहे. तू हातमोजे काढत म्हणालीस, "एका दातानं काई ठरत नाई वं. एक दात म्हणजे नशीब. बरणीभर दात आण, मंग बोल."

बरणीभर दात आणायला मग तूच सुरुवात केलीस. हिरडीच्या आजाराने हलणारे, काढावेच लागणारे दात. इतरांच्या दवाखान्यात ते पिशवीत जातात. तू प्रत्येकाला विचारायचीस, "हा दात मी ठेवून घेऊ का? अभ्यासाले." काही जण नको म्हणायचे आणि दात कागदात गुंडाळून घरी न्यायचे. एका म्हाताऱ्याने तुला सांगितलं होतं, "ठेव, पण सांभाळून ठेवजो. जन्मभर संग राह्यला तो." तू त्याला हो म्हणालीस, आणि ते हो तू खरंच पाळलंस. दर शनिवारी दवाखाना बंद करताना बरण्यांतलं पाणी बदलायचीस.

अर्ध्या दातांच्या मानेशी, जिथे मूळ सुरू होतं तिथे, तू खाच पाडून तुझ्या पद्धतीने भरलीस, अर्ध्या मी माझ्या. मग ते पाण्यात ठेवायचे, कारण गोंदाची खरी परीक्षा पहिल्या दिवशी नसते. पहिल्या दिवशी सगळेच धरतात. मुदत आपण ठरवली ती आपल्या साठीची. दोघी साठीच्या झालो की एकत्र बसून कापायचे. साठी झाली की माणूस हरायला तयार असतो, असं मी म्हणाले. "मी नाई," तू म्हणालीस.

ओळखीसाठी मुळांच्या टोकाला नेलपॉलिशचा टिपका द्यायचं ठरलं. आपल्या दोघींच्याही घरात नेलपॉलिश नव्हती. तू पुलगावच्या बांगड्यांच्या दुकानातून लाल आणि जांभळी आणलीस, तेव्हा दुकानदाराने विचारलं, "मॅडम, लग्न हाय काय घरी?" तू म्हणालीस, "हो, लय जणायचं हाय." लाल तुझी, जांभळी माझी. नाचणगावच्या तुमच्या ओसरीवर वर्तमानपत्र पसरून आपण दात रंगवत बसलो होतो आणि तुझी आई, माझ्यासाठी मावशी, आतून सुपात ज्वारी घेऊन आली. ती उभी राहून बघत राहिली.

"सोताच्या बोटाले कधी लावली नाई," ती म्हणाली, "अन् लोकायच्या पडक्या दाताले लावून राह्यल्या."

तू इतकी हसलीस की तुझ्या हातातल्या सुळ्याला पूर्ण लाल रंग बसला.

तू गेल्याच्या आधीच्या गुरुवारी तुझा फोन आला होता. "या रैवारी येजो. एक गंमत दाखवीन." मी विचारलं, काय. "फोनवर दाखवता येते काय? येजो." आता मी तुझ्या दवाखान्यात दोनदा जाऊन आले. टेबल पाहिलं, खिडकीची फळी पाहिली. गंमत म्हणावी असं मला काही दिसलं नाही. कदाचित तो कुणाच्या तरी तोंडातला दात असेल आणि तो माणूस आपल्या गावी भाकरी खात असेल.

अस्थी सावडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नाचणगावला आले. अंगणातल्या लिंबाच्या फांदीला तुझं गाडगं लाल फडक्यात बांधून टांगलं होतं. त्याच्याखाली पाटावर आपल्या दोन्ही बरण्या होत्या. त्यांच्यापुढेही एक फूल ठेवलेलं होतं.

"मावशी, या इथं कशा आल्या?"

"दिलीपनं आणल्या दवाखान्यातून. मी सांगतलं आणाले." मावशी भिंतीला टेकून बसली होती. "माणसायचे दात हायेत ते. हाडंच हायेत. लोकायनं कुंदाच्या भरवशावर देल्ले. आता त्यायचं पाणी कोण बदलीन? रैवारी तिले नदीवर नेऊन राह्यलो. हेबी तिच्या संगंच जातीन."

 मी चहा घेतला, कप खाली ठेवला.

"मावशी, आमचं काम अर्धं आहे त्यात."

"अर्धं तं तिचं सारंच राह्यलं वं."

दिलीप दारात उभा होता. "आई, कॉलेजचं काई असंल तं देऊन दे ना."

"कॉलेजचं नाही," मी म्हणाले. "आमच्या दोघींचं आहे."

"काय करशीन नेऊन?" मावशीने विचारलं.

"कापीन."

तिने बरण्यांकडे पाहिलं. "एकदा दुखून निंघाले ते. आता अजून कापते?"

"कापल्याशिवाय आत पाणी गेलं की नाही ते दिसत नाही."

"अन् दिसून काय होईन?"

"कुंदाचं खरं की माझं, ते कळेल."

मावशी हसली. तू गेल्यापासून तिच्या तोंडावर मी हसू पाहिलं नव्हतं. "अजून तेच? रैवारी जेवण झालं की तुमचं तेच चालू राह्ये. मले पह्यले वाटे, वावराच्या धुऱ्याचा, बांधाचा वाद हाय कोणाचा." मग ती उठली, पाटापाशी गेली आणि दोन्ही बरण्या उचलून माझ्या हातात दिल्या. "घेऊन जाय. रैवारी सकाळी आणजो. सारेच्या सारे. एकबी ठेवू नोको."

बसमध्ये बरण्या मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, लोणचं काय? झाकण घट्ट लावा, सांडंल." मी हो म्हणाले.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही मी त्या उघडल्या नाहीत. वर्ध्याजवळ पिपरी मेघेतल्या माझ्या खोलीत पुस्तकांच्या कपाटाजवळ ठेवून दिल्या. आपली मुदत झाली नव्हती. मुदतीआधी कापलेला दात काय सांगणार? आणि खरं कारण ते नव्हतंच. बरण्या जोवर बंद होत्या तोवर आपला वाद चालू होता, आणि वाद चालू आहे म्हणजे समोर कोणीतरी आहे. कापायला मी एकटी बसले की ते संपणार होतं. न कापता परत नेल्या असत्या तर मावशीला काही कळलं नसतं. रविवारी ते नदीत गेले असते आणि तू आणि मी, दोघीही आपापल्या जागी बरोबर राहिलो असतो. मी तसंच करायचं जवळजवळ ठरवलं होतं. मग झाकण उघडून पाणी बदलायला घेतलं, शनिवार नसतानाही, आणि त्या पाण्यात हात घातल्यावर मला वाटलं, बरण्या तशाच परत नेल्या तर तू वर्षानुवर्षं बदललेलं पाणी फुकट जाईल. हरायला तू तयार नव्हतीस, पण कळून घ्यायला तू कायम तयार होतीस.

निळ्या रंगात बुडवायच्या आधी सगळा दात नेलपॉलिशने झाकावा लागतो, फक्त भरलेल्या जागेभोवतीची बारीक पट्टी उघडी ठेवायची, म्हणजे रंग आत जाईल तो तिथूनच जाईल. तुझी लाल बाटली वाळून गेली होती. मी नवी घेतली. प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. एकेक दात रंगवत गेले. तुझ्या दातांना लाल, माझ्या दातांना जांभळी. माझ्या अंगठ्याच्या नखाला लाल रंग लागला. पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी निळ्या रंगातून काढून धुतले. कापताना आधी माझेच घेतले. तुझा पहिला दात चिमट्यात धरला, पाण्याखाली डिस्क सुरू केली आणि बंद केली.  तू ज्या हाताने ती खाच भरलीस, भरून झाल्यावर जिला तू कापसाने पुसलंस, उजेडात फिरवून पाहिलंस, तिच्यातून मला आरपार जायचं होतं. मग सुरू केली.

तर ऐक.

वरच्या कडेला तू जिंकलीस. तुझ्या दातांत वरून निळं जवळजवळ शिरलंच नाही. माझ्या कितीतरी दातांत वरून बारीक रेघ आत गेलेली दिसली. माझ्या बाटलीतलं ॲसिड इनॅमलला पुरत नाही, हे तू बोलायचीस आणि मी मानत नव्हते. मानलं.

खालच्या कडेला दोघींचेही निळे. काही ठिकाणी तुझे माझ्याहून जास्त. निळा रंग कडेवरून आत, भिंतीच्या कडेकडेने, पार तळापर्यंत उतरलेला. तिथे तुझा हात कामी आला नाही आणि माझी बाटलीही नाही. दात थोडे, मुदत अपुरी, मोजणारी एकटी. यावरून निष्कर्ष काढायला मी माझ्या विद्यार्थ्यांना कधी परवानगी दिली नसती. तुला सांगते आहे ते फक्त जे दिसलं ते.

आणि एक दात. लाल टिपक्याचा, म्हणजे तुझा, बारीक दाढ. त्यात वरूनही निळं नाही आणि खालूनही नाही. मी दोन्ही अर्धे सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पुन्हा पाहिले. खालची कड, जिथे सगळे गळले, तिथे हा कोरडा. त्या दिवशी तू काय वेगळं केलं होतंस? ओल नेमकी सापडली होती का? की तो दातच तसा होता? तुला विचारलं असतं तर म्हणाली असतीस, त्या दिवशी माहा मूड चांगला होता.

ते दोन अर्धे मी वेगळ्या कागदात गुंडाळले आणि माझ्या टेबलाच्या खणात ठेवले. मावशी मोजणार नव्हती. शनिवारभर ते खणात होते. मी मनाशी ठरवत होते की ते वर्गात दाखवीन, सांगीन की माझ्या एका मैत्रिणीने असा दात भरला होता. तुझं नाव घेईन. रविवारी पहाटे खण उघडला. हा एकच दाखवला तर तुझे बाकीचे निळे दात कोणी पाहणार नव्हतं. तू केलेलं सगळं काम एका दाताच्या मागे लपणार होतं. एका दातानं काई ठरत नाई, हे तुझंच वाक्य. कागद बरणीत घातला.

नदीवर ऊन चढायच्या आत गेलो. मावशीने बरणीत डोकावून पाहिलं. "हे निळे काऊन झाले?"

"जिथून पाणी आत गेलं तिथून रंग गेला."

"कुंदाचे कोणते?"

"लालवाले."

तिने दोन-चार अर्धे तळहातावर घेतले, डोळ्याजवळ नेले. "हेबी तं निळेच हायेत."

मी खोटं सांगू शकले असते. ती म्हातारी आहे, तिची मुलगी गेली आहे आणि तिला काही कळलं नसतं. "हो," मी म्हणाले. "वरून नाहीत, पण खालून तिचेही निळे आहेत."

"मंग जिंकलं कोण?"

"वर ती जिंकली. खाली कोणीच नाही."

"खाली कोणीच नाई," मावशी हळूच म्हणाली आणि बरणी खाली ठेवून तिने फडक्याची गाठ सोडायला घेतली. तिच्या बोटांना ती सुटेना. दिलीपने सोडली.

तुझ्या अस्थी आधी गेल्या. मग मावशीने दात ओंजळीने सोडले, सगळ्यांचे, तुझे आणि माझे वेगळे न करता. शेवटी मी कागद उघडून तो एक दात तिच्या हातावर ठेवला. सांगितलं, हा तिचा, हा कुठूनच गळला नाही. तिने तो पदराला पुसला. मला वाटलं ती ठेवून घेईल. मला हेही वाटलं की ती मला परत देईल. तिने वाकून तो पाण्यात सोडला, बाकीच्यांच्याच जागी, आणि हात धुतले.

परत येताना ती म्हणाली, "जेवाले येत राह्यजो रैवारी. भांडाले कोणी नसलं तरी."

मी गेले होते. तुझ्या जागी कोणी बसलं नाही. मावशीने भाजी दोनदा वाढली आणि वावराच्या धुऱ्यावरून दिलीपशी खरंच भांडली.

कुंदा, मी तुला कधी सांगितलं नाही की तुझा हात माझ्याहून चांगला होता. भांडताना ते सांगता येत नाही, आणि भांडण कधी थांबलंच नाही. तुझ्याशी भांडायचं म्हणून मी किती वाचलं, याचा हिशेब नाही. प्रत्येक नवा लेख हातात आला की पहिला विचार यायचा, हा कुंदाला रविवारी ऐकवायचा. मी आज जी शिक्षिका आहे ती निम्मी त्या रविवारांमुळे.

आता मी दात भरताना वरच्या कडेला, फक्त इनॅमलवर, तुझी ॲसिडची जेल लावते आणि धुते. मग आत माझी बाटली. हे पुस्तकात केव्हापासून लिहिलेलं आहे. आपण दोघींनीही ते वाचलं होतं, आणि दोघींनीही दुसरीच्या पद्धतीला अर्धी जागा द्यायचं टाळलं होतं. विद्यार्थी विचारतात, मॅडम, तुम्ही बदललात का? मी म्हणते, एक प्रयोग केला होता. कोणासोबत, ते सांगते.

दोन्ही बरण्या धुऊन कपाटात ठेवल्या आहेत. नखावरचा लाल रंग वाढत्या नखाबरोबर टोकाकडे आला आहे. वरच्या कडेचं ठरलं. खालच्या कडेचं अजून काही ठरलेलं नाही.